तुरटीच्या पाण्याचा टब

नवऱ्याच्या डिस्चार्जच्या वेळी ज्योतीसिस्टर त्रिवेणीला म्हणाल्या होत्या, "घर में एक बड़े कू सच बोल के रखो अम्मा. छुपाते, फिर हमारेच पास आते." तिनं मान हलवली आणि कुकटपल्लीचं घर येईपर्यंत विसरूनही गेली.

तिच्या नवऱ्याला, शिवराजला, तिशीतच साखरेचा आजार लागला होता. पुढची कातडी आवळत गेली, चिरा पडायला लागल्या, लघवीला गेला की डोळ्यांत पाणी. डॉक्टरांनी सुंता करायला सांगितली. काम अर्ध्या तासाचं. पण अंबरपेठेतल्या सासूबाईंना काय सांगायचं?

"सुंता म्हटलं की आई भलभलतं विचारत बसेल," शिवराज म्हणाला. "मूळव्याध सांग. त्यात कुणी पुढचं विचारत नाही."

विचारलं नाहीच. डिस्चार्जच्या दुसऱ्या दिवशी सासूबाई, कुसुमताई, थेट मुक्कामालाच दारात उभ्या. सोबत पपई, इसबगोल, तुरटीचा खडा आणि मोठा निळा टब.

त्रिवेणी आठ महिन्यांच्या रेणूला लस टोचून परत आली, तर शिवराज कोमट तुरटीच्या पाण्यात कमरेपर्यंत बसलेला. चेहरा पांढराफटक. दाराबाहेर सासूबाई सांगत होत्या, "वीस मिनिटं तरी बस रे. तुझ्या मामाला यानंच गुण आला."

पाणी गुलाबी झालं होतं. पट्टी भिजून चिकटली होती. ती सोडवताना एक टाका उसवला.

तरी दोघं गप्पच राहिले. त्रिवेणी दर चार तासांनी जखमेचा फोटो काढायची आणि 'रेणू लसीकरण' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायची. चौथ्या दिवशी सकाळी जखमेवर पिवळा थर दिसला. साखरेच्या माणसाची जखम चिघळली तर? दवाखाना गाठायचा, तर रेणूला सासूबाईंकडे सोडावं लागणार, आणि त्या विचारणारच.

"आई, मूळव्याध नाहीये," तिनं सांगून टाकलं. सगळंच सांगितलं.

कुसुमताईंनी हातातल्या रेणूच्या लंगोटाची घडी घातली. मग हळूच म्हणाल्या, "चिरा पडायच्या का गं? रक्ताचे ठिपके?"

"हो."

"तुझ्या सासऱ्यांनाही दोन वर्षं असंच होतंय. कपडे धुताना दिसतं मला. विचारलं तर म्हणतात, पानाचा डाग आहे." रेणूला कडेवर घेत त्या म्हणाल्या, "जा तुम्ही. आणि मी त्याला टबात बसवलं, तेव्हा मला अडवायचं तरी होतंत, बाई."

डॉक्टरांनी नीट पाहिलं. "पू नाही हा. भरत्या जखमेवर अशी साय येते. वास नाही, ताप नाही. उसवलेली जागाही भरेल. साखर सांभाळा, आणि रोज इतक्यांदा बघू नका."

ते शेवटचं तिला जमलं नाही. पण सूज उतरली, टाके विरघळले. उसवल्या जागी एक कडक वण राहिला. तो मऊ व्हायला काही महिने लागतील म्हणे. सहाव्या आठवड्यात शिवराज बाथरूममधून गुणगुणत बाहेर आला, आणि त्रिवेणी स्वयंपाकघरात पोळी करपेपर्यंत तशीच उभी राहिली.

निळ्या टबात आता रेणू डुंबते. सासऱ्यांची, एकनाथरावांची, त्याच डॉक्टरांकडे शनिवारची वेळ घेतली आहे. कुसुमताईंनी स्वतः फोन करून.

आणि त्रिवेणीचं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरातलं साखरेचं माणूस हल्ली बाथरूममध्ये फार वेळ लावत असेल, तर दाराबाहेरून एकदा विचारा. पानाचा डाग म्हणालं, तर पुन्हा विचारा.