मंगळवारचा चढ आणि मी, तेलाची तोटी

मंगळवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी गाडी चढावर बंद पडली आणि सगळा दोष सूनबाईच्या पायावर आला. त्या वेळी मी गप्प बसले, कारण मला तोंड नाही. आज मात्र बोलतेय. जरा ऐकून घ्या.

मी गाडीच्या इंजिनातली तेलाची एक तोटी. गॅरेजात मला ‘व्हीव्हीटीचा व्हॉल्व्ह’ म्हणतात. अंगठ्यापेक्षा थोडी मोठी. पोटात एक दट्ट्या मागेपुढे सरकतो आणि तेल येतं त्या वाटेवर एक जाळी आहे, चहाच्या गाळणीहून किती तरी बारीक. कारखान्यात एका बाईने मला भिंगाखाली उलटसुलट करून पाहिलं, फुंकर मारली आणि खोक्यात ठेवलं. माझं माहेर तेवढंच.

माझं काम सांगते. इंजिनाला आपल्यासारखाच श्वास लागतो. झडप उघडली की हवा आत, मिटली की हवा कोंडली. आता माणूस सपाटीवर जसा श्वास घेतो, तसा जिना चढताना घेतो का? आणि कडेवर मूल असलं तर मग विचारूच नका. जुन्या गाड्यांच्या झडपा काही झालं तरी एकाच ठरलेल्या वेळी उघडायच्या. आमच्या गाडीत तसं नाही. चढ आला, भार पडला, की मला इशारा येतो. मी तेलाला वाट देते. त्या तेलाच्या जोराने झडपांचा दांडा जरासा पुढे फिरतो आणि हवेच्या झडपा लवकर उघडून लवकर मिटतात. आत आलेली हवा परत बाहेर निसटत नाही, गाडी दमाने वर ओढते. मोकळ्या रस्त्यावर वेग धरला की त्याच झडपा उशिरा मिटवायच्या, म्हणजे इंजिनाला पोटभर हवा मिळते. हे सगळं माझ्या दट्ट्याच्या तसूभर सरकण्यावर. पण तेल पातळ आणि स्वच्छ हवं. तेलच आलं नाही तर मी काय करणार?

गाडी घेतली सूनबाईच्या नवऱ्याने. तो बोटीवर कामाला, वर्षातून दोनदा घरी. घरात उरली तिघं: सूनबाई, दोन वर्षांची छकुली आणि सासरे. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णांनी तीस वर्षं ट्रक चालवला. आता गुडघा वाकत नाही, म्हणून गाडी चालवत नाहीत, पण जीव सगळा गाडीत. रोज सकाळी फडकं घेऊन यायचे. “काय गं, झोप लागली का नीट?” असं बोनेटला विचारायचे. मला आतून गुदगुल्या व्हायच्या.

त्याच प्रेमापोटी त्यांनी एक घोटाळा केला. तेल कमी झालं की ते बदलायचं सोडून, वरून ट्रकचं जाडजूड तेल ओतायचे. “हिचं वय झालं आता. अंगाला लागेल असं पाजायला हवं.” मी कितीदा म्हटलं, अण्णा, नको हो! पण ऐकतो कोण? जुनं तेल काळं पडलं, नवं आधीच जाड, आणि माझ्या जाळीवर हळूहळू साय धरली. मग समोरचा धोक्याचा पिवळा दिवा लागला. अण्णांनी छकुलीच्या खरचटण्याला लावायची चिकटपट्टी आणली आणि दिव्यावर डकवली. “हल्लीच्या गाड्यांना उगाच घाबरवायची सवय,” म्हणाले.

छकुली वेळेआधी जन्मली. तिचे पाय कडक असायचे, टाचा जमिनीला टेकायच्या नाहीत. दर मंगळवारी टेकडीवरच्या केंद्रात तिचा व्यायाम. तिथे बस जात नाही, आणि भाड्याची गाडी परतीला थांबत नाही. सूनबाई या एका कामासाठी गाडी शिकली होती. घाबरत शिकली, पण शिकली. चढ लागला की छकुलीला म्हणायची, “धर गं घट्ट, आता विमान!”

त्या मंगळवारी विमान अर्ध्यात थांबलं. इशारा आला, मी दट्ट्या सरकवायला गेले, तर चिखलात पाय रुतावा तसा तो रुतलेला. झडपा आपल्या उशिराच मिटत राहिल्या. गाडीने दोन धक्के खाल्ले आणि इंजिन बंद. मागे गाड्यांची रांग, हॉर्नवर हॉर्न.

“अगं क्लच किती झटकन सोडतेस! पाय आहे की दगड?” अण्णा शेजारी बसले होते, ते ओरडले.

“अण्णा, मी हळूच सोडला. गाडी ओढतच नाहीये.”

“मला सांगतेस? दहा टन माल घेऊन असे चढ चढलोय मी.”

गाडी वीतभर मागे सरकली. सूनबाईने हँडब्रेक ओढून धरला. छकुली रडायला लागली. कशीबशी गाडी वळवून घरी आणली, तेव्हा अण्णांनी चावी उपसून खिशात टाकली. “पोरीला काही झालं असतं म्हणजे? आजपासून चावी माझ्याकडे.” रागावले नव्हते हो ते, घाबरले होते. पण सूनबाईला ते कसं कळणार? तिला वाटलं, खरंच आपलाच पाय चुकतो.

तो मंगळवार बुडालाच, पुढचे दोनही बुडाले. मी अंगणात उभ्या गाडीत बसून ऐकत होते. व्यायामाच्या बाईंचा फोन आला. त्यानंतर सूनबाई अण्णांना म्हणाली, “बाई सांगतात, आणखी व्यायाम चुकला तर टाचा परत वर जातील.”

तिसऱ्या सोमवारी सकाळी तिने बोनेट उघडलं. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ही बाई औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं तीनदा वाचणारी! तेल ओतायच्या झाकणावर तिची नजर गेली. तिथे लिहिलं होतं पाच आणि तीस. कोपऱ्यातल्या अण्णांच्या डब्यावर होतं वीस आणि पन्नास.

“अण्णा, हे आकडे वेगळे का?”

“मोठा आकडा म्हणजे जाड, दणकट तेल.”

“मग तुमच्या गुडघ्याची गोळी छकुलीला दिली तर चालेल?”

अण्णा फडकं झटकत राहिले. मग म्हणाले, “बोलव गॅरेजच्या मेस्त्रीला. तोही माझंच सांगेल.”

मेस्त्री आला. आधी दिव्यावरची पट्टी दिसली. “काय काका, दिव्याला जखम झाली होती की काय?” मग त्याने मला उपसून बाहेर काढलं आणि पांढऱ्या कागदावर ठेवलं. लाजच वाटली मला. जाळी दिसतच नव्हती, नुसता काळा गोळा.

“बघा. एवढीशी चीज, पण हिच्या गळ्यातून तेल उतरत नव्हतं. चढावर गाडी ओढणार कशी?”

अण्णांनी मला तळहातावर घेतलं. अंगठ्याने साय पुसली.

“म्हणजे तिचा पाय बरोबर होता,” ते हळूच म्हणाले.

“बरोबर काय, पक्का होता! मागे गाड्या, पोर रडतंय, आणि गाडी वीतभरच सरकली म्हणता. दुसरं कोणी असतं तर मागच्यावर आदळलं असतं.”

मेस्त्रीने मला धुतलं, सगळं जुनं तेल काढलं, झाकणावरच्या आकड्याचं भरलं. तोवर अण्णा ओट्यावर बसून होते. तो गेल्यावर उठले, खिशातून चावी काढली, सदऱ्याला पुसली आणि सूनबाईच्या हातात ठेवली.

“उद्या मंगळवार ना?” एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चढ आला. इशारा आला, दट्ट्या सर्रकन सरकला, तेल धावलं, झडपा वेळेवर मिटल्या. गाडी अशी वर निघाली, की मलाच माझा अभिमान वाटला. अण्णा शेजारीच होते. वळणावर “दुसरा गिअर टा...” म्हणाले आणि तोंड मिटून घेतलं. मागून छकुली ओरडली, “विमान!”

बुडालेल्या तीन मंगळवारांची भरपाई व्हायला दोन महिने लागले. परवा ती बंपरला धरून उभी राहिली. दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या होत्या, हे मला सूनबाईच्या रडण्यावरून कळलं. अण्णा तिला म्हणत होते, “अगं, रडतेस काय, बोलव सगळ्यांना!” आणि स्वतःच नाक ओढत होते.

मी आता म्हातारी झालेय. थंडीत सकाळी दट्ट्या जरा कुरकुरतो. एक दिवस मेस्त्री माझ्या जागी नवी आणेल, आणायलाच हवी. त्याचं दुःख नाही. फक्त एक काम माझं करा. ओळखीत कोणाकडे गाडी असेल तर सांगा, तेल ओतण्याआधी झाकण वाचा. आणि गाडी चढावर अडली, तर चालवणारीला बोलण्याआधी बोनेट उघडून बघा. ज्यांना सांगाल, त्यांनाही म्हणावं, पुढे सांगा. कुठल्या तरी घरात आजही एक आई स्वतःच्या पायाला दोष देत बसली असेल. तिच्यापर्यंत हे पोचू दे.