विमलबाईंनी चहा सोडला तेव्हाची गोष्ट

मी किटली बोलतेय, विमलबाई साळव्यांची. हसू नका हं. माझी तोटी वाकडी आहे, बोलणं सरळ आहे.

जवाहर चौकातल्या भांड्यांच्या दुकानात विमलबाईंच्या सासूने मला घेतलं. ठोकून पाहिलं, उलटं केलं, आत डोळा लावला. दुकानदार वैतागला, "अम्मा, केतली है, दूल्हा नहीं!" सासू म्हणाली, "नवऱ्याला इतकं बघितलं असतं, तर आज इथं कशाला असते?"

ती गेली नि मी सुनेच्या हाताखाली आले. कारखान्याच्या वसाहतीत, पिपलानीत आमचं घर. विमलबाई म्हणजे एक नंबरची चहाबाज. दिवसाला सहा कप, पाहुणा आला की सात, पाहुणा गेला की आठ.

आता या ख्रिस्ती लोकांचं असं असतं, की ईस्टरच्या आधी चाळीस दिवस जिवाला आवडणारं काहीतरी सोडायचं. कुणी मटण सोडतं, कुणी टीव्ही. आमच्या सासूबाईंनी वर आणखी एक नियम घातलेला. सोडलं ते वाचवून ठेवायचं नाही, दुसऱ्याच्या तोंडी घालायचं.

यंदा चर्चच्या महिला सभेत चहासाठी मी टेबलावरच होते. विमलबाई ताडकन उठल्या. "मी चहा सोडते! आणि ईस्टरच्या आत निदान एका माणसाला माझ्या प्रभूबद्दल सांगते!" बायांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन मला पुसता पुसता मात्र म्हणाल्या, "बोलून तर बसले गं मी!"

समोरच्या दारात नरहरअण्णा राहतात. कारखान्यातून रिटायर झालेले इंजिनियर. बायको गेल्यापासून तोंडाला कुलूप लावल्यासारखं. मुलगा आशय सकाळीच स्कूटरवर ड्यूटीला जातो, मग म्हातारा नि भिंती. विमलबाईंनी आपल्या वाटचा सकाळचा आल्याचा चहा त्यांना न्यायला सुरुवात केली.

पहिल्याच दिवशी अण्णा म्हणाले, "चहा ठेवा. तुमचा देव परत घेऊन जा."

"बरं," विमलबाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

असा सव्वा महिना गेला. चहा जायचा, गोष्ट तोंडातच राहायची. घरी आल्यावर बाई माझ्या तोटीला नाक लावायच्या. "वास घेतला तर मोडत नाही ना गं?" मला विचारायच्या. मी काय पाळकसाहेब आहे, धर्माचे नियम सांगायला? पण खरं सांगते, डोकं दुखायचं, जीव तडफडायचा, तरी थेंबाला शिवली नाही ती बाई. थोडी ऐट पण आली होती. चालताना मान जरा वरच असायची.

गुड फ्रायडेच्या दोन दिवस आधी अण्णांनी मला ठेवूनच घेतलं. म्हणाले, "उद्या न्या."

दुसऱ्या दिवशी विमलबाई रिकाम्या हाताने आल्या, तर मी गरम! अण्णांनी स्वतः चहा केलेला. एका हाताने गुडघा धरून, एका हाताने ढवळून. दूध लागलेलं, साखर दुप्पट. कप पुढे सरकवला.

"अण्णा, तुम्हाला माहीत आहे ना? मी चहा सोडलाय, तीनच दिवस राहिलेत माझ्या नेमाचे."

"सव्वा महिना तुमचा पिलो. मी काही म्हटलं? सगळं तुम्हीच देणार, आम्ही नुसतं घेत बसायचं का?"

"तसं नाही हो..."

"तसंच आहे. हिच्यामागे पहिल्यांदा गॅस पेटवलाय मी. नसेल प्यायचा तर किटली उचला. उद्यापासून येऊ नका."

विमलबाई उभ्याच. सभेतल्या टाळ्या एकीकडे, म्हाताऱ्याने गुडघा धरून केलेला चहा दुसरीकडे. मग त्या खाली बसल्या, कप उचलला आणि तळापर्यंत प्यायल्या, लागलेल्या दुधासकट.

"आता बोला," अण्णा म्हणाले. "रोज का येत होता?"

"माझ्यासाठी कुणीतरी सगळं सोडून आलं होतं, अण्णा. मी तर नुसता चहा सोडला." मग त्यांनी सांगितलं, आजच्याच वारी येशू आपल्या शिष्यांचे पाय धुवायला बसला. एक शिष्य अडून बसला, माझे नको म्हणून. "आज मी पण तशीच अडले होते बघा."

अण्णांनी चष्मा पुसला. "मी माझा गणपती सोडणार नाही हं."

"सोडा म्हटलंय कुणी?"

"मग त्याने धुऊ दिले का शेवटी?"

"दिले की."

"शहाणा निघाला. पुढे काय झालं?"

पुढचं सांगता सांगता दुपार झाली.

ईस्टरनंतरच्या सभेत बाया एकेक करून उठल्या, चाळीस दिवस कसे पाळले ते सांगायला. आमच्या बाई उठल्या. "माझं मोडलं. मीच मोडलं." प्रतिभाबाईंनी विचारलं, "इतके दिवस पाळून? मग फायदा काय झाला?"

"माझी ऐट गेली," विमलबाई म्हणाल्या आणि खुशाल हसत खाली बसल्या.

बायांनो, त्या दिवशी टेबलावर मी अशी ताठ उभी होते, जशी काही चांदीचीच! बूड काळं झालंय माझं, झाकणाची मूठ तुटलीय, भंगारवाला दोनदा चौकशी करून गेला. जाईन एक दिवस. तोवर एवढंच ऐका. देत राहा. पण कुणी स्वतः चहा करून कप पुढे केला, तर नको म्हणू नका. साखर जास्त असली तरी प्या.