तिसऱ्या पानावर मेलेली आई

मी एक कादंबरी आहे, आणि माझा विषय आहे घरी परतणं. मागच्या पुठ्ठ्यावर छापलंय, 'मुळांचा धीट शोध'. हा धीट शोध माझ्या लेखिकेने टोरंटोत एकोणिसाव्या मजल्यावर बसून घेतला. दूरच्या सस्कॅचवान प्रांतातल्या आपल्या गावाकडे ती नऊ वर्षांत फिरकली नव्हती. माझी नायिका शेवटी आपलं खरं नाव छातीठोकपणे सांगते. लिहिणारी दारिया दानचिशिन मात्र माझ्या मुखपृष्ठावर 'डोरा डेन' म्हणून मिरवते.

नायिकेला घरी आणायचं तर कारण हवं. म्हणून दारियाने तिसऱ्याच पानावर आईला मारून टाकलं.

खऱ्या आईने, ओल्हाने, मला विकत घेतलं आणि गुरुवारी चर्चच्या स्वयंपाकघरात नेलं. तिथे गावच्या बायका विकायला पिरोह्या करतात. मैद्याच्या पारीत बटाट्याचं सारण भरायचं, कडा चिमटीने बंद करायच्या आणि पाण्यात उकळायच्या. एकीने मला मोठ्याने वाचायला घेतलं. आईच्या मरणावर कोणी हूं की चूं केलं नाही. पण पुढे ती आई पिरोहीच्या कडा जेवणाच्या काट्याने दाबायची, असं आलं आणि सगळ्यांचे हात थांबले.

"काट्याने?" त्यांच्यातली मरुस्या म्हणाली. "अगं ओल्हा, पोरीला काहीच शिकवलं नाहीस का?"

मरण ओल्हाने पचवलं होतं, हे मात्र जिव्हारी लागलं. तरी तिला एवढंच हवं होतं, पोरीने एकदा घरी येऊन जेवावं.

पुढच्या महिन्यात दारिया आली. घरी नव्हे, गावच्या ग्रंथालयात सह्या द्यायला. ओल्हा मला घेऊन रांगेत उभी राहिली. दारियाने मान वर न करताच विचारलं, "कोणाच्या नावे लिहू?"

"तिसऱ्या पानावर मेली ना, तिच्या."

दारियाचं पेन थांबलं. "आई, ती कादंबरी आहे गं."

"कळतं मला. मारलंस ते बरं केलंस, नायिकेला घरी यायला सवड तरी मिळाली. पण काट्याने? चल घरी, दाखवते."

"सहाचं विमान आहे."

"माझ्या मयतीलाही विमान बघूनच येशील?"

रांगेतली माणसं छताकडे बघू लागली. दारिया निमूट उठली.

घरी तिच्या पहिल्या तीन पिरोह्या उकळत्या पाण्यात फुटल्या. तिला रडू आलं, आणि रडता रडताच तिने पिशवीतून टिपणवही काढली.

"ती आत ठेव," ओल्हा म्हणाली. "आधी जेव."

ती जेवली. विमान चुकलं.

आता मी ओल्हाच्या कपाटात असते. माझ्या इतर प्रती वाचून लोक डोळे पुसतात म्हणे, आणि मला शरम वाटते. वाचकहो, मला खुशाल वाचा, पण घरी परतणं कसं असतं ते मला विचारू नका. मी ते पहिल्यांदा पाहिलं त्या दुपारी, आणि तोवर माझी छपाई उरकली होती.