नव्या बाकावर आधी कोण

माझे बाबा, आश्रुबा, पूर्णेच्या रेल्वे शेडमध्ये खलाशी, म्हणजे डबे दुरुस्त करणाऱ्या टोळीतले कामगार, होते आणि उभ्या जन्मात रेल्वेच्या बाकावर बसले नव्हते. पास होता, हक्क होता, पुष्कळदा जागाही असायची. तरी डब्यात शिरले की दाराजवळ खाली रुमाल अंथरायचे. "इथं वारा लागतो," म्हणायचे. ऐन थंडीतसुद्धा त्यांना वारा हवा असायचा! खरं कारण मला ठाऊक होतं. त्यांच्या लहानपणी आमच्या माणसांनी चार लोकांत वर बसायचं नसायचं, आणि ते त्यांच्या अंगात मुरलं होतं. मी कॉलेजात असताना परभणीला नामांतराच्या मोर्चात घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या, पुढे शिक्षिका झाले, पण स्वतःच्या बापाला एका बाकावर बसवणं मला जमलं नाही. याचा मला भयंकर राग यायचा.

त्या वर्षी शेडमध्ये एक जुनी डिझेल पॅसेंजर नव्यानं सजवायला आली. सजवायला म्हणजे काय, तिचा सांगाडा तेवढा ठेवून बाकी सगळं बदलायला. फळ्यांच्या बाकांत ढेकणांच्या पिढ्यान् पिढ्या नांदत होत्या. खिडकीचं शटर एकदा खाली आलं की परभणीपर्यंत वर जायचं नाही, आणि पावसात लोक डब्यात छत्री उघडून बसायचे. बाबांच्या टोळीनं गंज खरवडला, छत सांधलं, बाकांवर फोम घालून हिरवं रेग्झिन ताणून ठोकलं. बाहेरून निळा रंग दिला. बाबा घरी जेवतानासुद्धा हाताच्या तळव्यानं बाकांचा मऊपणा दाखवायचे.

"दाबलं की खाली जातंय, सोडलं की वर येतंय."

"तुमी बसून पाहिलं का?"

"मी कशाला बसू? हातानं कळतंय की."

बाबा त्याच वर्षी रिटायर होणार होते. मी मनाशी पक्कं केलं, या गाडीत त्यांना वर बसवायचंच. आता नाही तर कधीच नाही.

ती गाडी पहिल्यांदा धावली त्या दिवशी आम्ही पेडगावला केशरआत्याकडे होतो. परतताना नेमकी तीच गाडी मिळेल, असं बाबांनी आधीच जमवून ठेवलं होतं. आत्याला बिचारीला वाटलं, भाऊ बहिणीच्या ओढीनं आलाय.

गाडी फलाटाला लागली आणि माणसं दबकली. एरवी खिडकीतून रुमाल फेकून जागा धरणारी ही मंडळी, त्या दिवशी दाराशी उभी राहून नुसती आत बघत होती. डब्याची जमीन इतकी लख्ख होती की पहिल्या बाईनं चढण्याआधी चपला फलाटावर काढल्या. सारवलेल्या घरात शिरताना काढतात तशा. तिचं बघून दुसरीनं काढल्या, मग सगळ्यांनीच. "आवो, गाडी हाय ही, देऊळ न्हाई!" मी ओरडले, पण ऐकतंय कोण! शिट्टी झाली, गाडी सुटली आणि अर्ध्या गावाच्या चपला फलाटावर रांगेनं राहिल्या. एक म्हातारबा खिडकीतून हात पसरून आपल्या जोड्यांना हाका मारत होते. हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं.

आत आणखी तऱ्हा. बाकं रिकामी आणि माणसं उभी. "वरच्या वर्गाचा डबा असंल, दंड व्हईल," अशी कुजबुज चालली होती. बाबा मात्र नेहमीच्या जागी, दाराजवळ, खाली. माझं हसू कुठल्या कुठं गेलं.

"साधाच डबा हाय, बसा की!" मी म्हणाले. "आणि ही बाकं ज्यांनी केली ते बघा, तिथं खाली बसलेत."

बाबांनी मान खाली घातली. मला लगेच वाईट वाटलं, पण बोलून झालं होतं.

उभ्या माणसांत नर्मदाबाई होत्या. पेडगावच्या मोठ्या शेतीवाल्या घरातल्या, केस पिकलेल्या. बाबांची आई, माझी आजी, जन्मभर त्यांच्या शेतात खुरपायला जायची. त्या बाबांकडे वळल्या तशी मी पदर खोचला. ही बाई वेडंवाकडं काही बोलली तर परभणीपर्यंत सोडायची नाही, असं ठरवलं.

"आश्रुबा, हे तू केलंस?"

"मी एकट्यानं न्हाई, माय. टोळी व्हती."

"पर तुजा हात हाय ना?"

"हाय."

"मग ऊठ. आमच्याकडं नवी बैलगाडी केली की आधी सुतार बसतो, मग धनी. कारागीर बसल्याबिगर आमी कसं बसावं? पाय दुखायलेत माजे."

"ऱ्हाऊ द्या, माय. इथं वारा लागतो."

"खिडकीत बी लय लागतो. ऊठ."

बाबा उठले. स्वतः ठोकलेल्या रेग्झिनवरून आधी रुमाल फिरवला आणि अगदी कडेला टेकले. हात कुठं ठेवावेत हेच त्यांना कळेना. "सरक आत," म्हणत नर्मदाबाई त्यांच्या शेजारी बसल्या, आणि मग सगळा डबा बसला. मी बाबांच्या दुसऱ्या बाजूला बसले. नर्मदाबाईंचं मन बदललं होतं की नुसते पाय दुखत होते, हे मी विचारलं नाही. मला त्यांचे उपकार वाटले. तसं वाटणं मला मुळीच आवडलं नाही, तरी वाटले, आणि आजही वाटतात.

परभणीला त्या अनवाणी उतरून गेल्या. गाडी पुढं निघाली तशी बाबांची पाठ हळूहळू बाकाला टेकली, खांदे सैल झाले, मग डोळे मिटले. गाडीत झोपलेले बाबा मी कधी पाहिलेच नव्हते. दाराजवळ बसणाऱ्याला झोपून चालत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय लागतो, सारखं अंग चोरावं लागतं. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. माझा हात बधिर झाला, पण मी हलले नाही.

पूर्णेला सगळे उतरले. मी बाबांना उठवलं नाही. थोड्या वेळानं त्यांच्या टोळीतला सूर्यभान झाडू घेऊन डब्यात आला. हा माणूस थट्टेची एक संधी सोडायचा नाही. मी तोंडावर बोट ठेवलं. त्यानं बाबांकडे बघितलं, ते बसले होते त्या बाकाकडे बघितलं, आणि आवाज न करता झाडू खाली ठेवला. मग खाली उतरून तो ड्रायव्हरकडे गेला.

"यार्डात नेताना जरा हळू घ्या," मला खिडकीतून ऐकू आलं. "आश्रुबा झोपलाय."

गाडी आम्हा दोघांना घेऊन सावकाश यार्डाकडे निघाली.