'येते' म्हणून गेलेली

निघताना 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं, हे तुम्हाला कोणीही सांगेल. माझी नणंद त्यापायीच मरायला टेकली होती.

आमच्या वस्तीत आधी विहिरी खारट झाल्या, मग वारा वाळू आणू लागला. वाळू तरी किती? शेजारीण कोंबडी शोधायला अंगण खणत होती, तर तिला नवरा सापडला, घोरत पडलेला. त्याचीही सवय झाली असती. पण वरच्या अंगाच्या लोकांनी गोडं पाणी अडवलं, आणि खाऱ्या पाण्याच्या घरात कोणी मुलगी देईना. मग एकेक कुटुंब निघालं. जो तो कुलूप लावायचा आणि दाराला म्हणायचा, "येतो."

घरांना रीतभात कळत नाही. त्यांनी ते खरं धरलं.

न्हाव्याच्या बंद दुकानात कात्री वाजू लागली. नणंद शिवणकाम करायची. ती शहरात गेली आणि तिच्या कुलूपबंद घरात रोज दुपारी मशीन चालू लागलं. मी खिडकीला कान लावला. मधेच दोरा तुटल्याचा आवाज, मग तिचं ते नाकातलं गुणगुणणं. आमच्या ह्यांना सांगितलं, तर म्हणे उन्हात हिंडू नकोस.

तिकडून तिच्या नवऱ्याचा निरोप आला. दुपार झाली की ही बसल्या जागी निपचित पडते, हाकेला ओ देत नाही. जागी झाली की चपलांतून वाळू सांडते, आणि राहतात चौथ्या मजल्यावर. डॉक्टरांनी हात टेकले. अंगाला सैल होतात म्हणून स्वतःचेच कपडे सारखे आत घेत बसलीय, आता घ्यायला कापडही उरलं नाही.

मी कळवलं, तिला इकडे घेऊन या. दारापुढे उभी केली. आत मशीन चालूच.

"वन्सं, 'जाते' म्हणा."

"वहिनी, कसलं अभद्र बोलायला लावतेस? माझी दोन्ही बाळंतपणं या घरात झालीत."

"म्हणून तर ते सोडत नाहीये. आतली धडधाकट होत चाललीय आणि तुम्ही झिजताय."

तिने तोंड उघडलं ते "ये" म्हणायलाच. मी दंडाला असा चिमटा काढला की "जाते" बाहेर पडलं.

मशीन थांबलं. आतून तिच्याच आवाजात कोणीतरी म्हणालं, "बरं."

नणंद आता ठणठणीत आहे. जिने चढते, सुनेशी भांडते. फक्त कोणी विचारलं, तुम्ही मूळच्या कुठल्या, की ती बराच वेळ आठवत बसते आणि मग नवऱ्याच्या तोंडाकडे बघते.

ते बघितलं होतं, म्हणून आमची निघायची वेळ आली तेव्हा मी ह्यांची पाठ वळू दिली आणि दाराच्या फटीत हळूच म्हणाले, "येते."

तेव्हा दुपारी माझा डोळा लागला तर हाका मारू नका. तिकडे वाळू फार साचते, झाडायला जावं लागतं. आणि माझ्या चपला घरात झटकू नका.