बायनाबाईच्या कोंबड्याचा पाय

मी जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होतो. डॉक्टर नाई, ड्रेसर. हे मी लोकाइले पाच वर्षं सांगून थकलो, पण सिरोंचा रोडवरच्या त्या गावात मले सारे डाक्टरच म्हणत. खरे डॉक्टर पंधरा दिवसांतून एकदा तालुक्याहून येत, बाकी दिवस मी, एक कपाट, एक स्टोव्ह अन् गावाचे बैल. बायको ब्याऐंशीत वारली. पोरगी ब्रह्मपुरीले मामाकडे शिकाले होती. संध्याकाळी खोलीत भात शिजवाचा अन् भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोले दिवसभराची हकीकत सांगाची, एवढाच माह्या घरातला आवाज. म्हून असंन, दिवसा मी जो येईन त्याच्यावर खेकसत असे.

बायनाबाई पहिल्यांदा आली ते त्र्याऐंशीच्या दिवाळीनंतर, गुरुवारच्या बाजाराच्या दिवशी. साठीची बाई, डोक्यावर टोपलं, टोपल्यात तांबडा कोंबडा. तीन कोस चालत आली होती. मी कोंबडा उलटा करून पाय पाह्यला अन् माही तिडीकच उठली. तळव्यात बोराएवढी गाठ, मधात काळी खपली, अन् भोवतालचं कातडं जळलेलं.

बिबा लावला होता बाईनं. आमच्याकडे पायात काटा मोडला की बिब्याचा चटका देतात. माणसाचा तळवा जाड असते, सोसते. तोच तिनं कोंबड्याले दिला होता. मी तिले लय बोललो. माणसाची दवा पाखराले करता का, डोकं घरी ठेवून आल्या का, जे तोंडात आलं ते बोललो. ती खाली पाहून कोंबड्याच्या मानेवरून हात फिरवत राह्यली.

कोमट पाण्यात लाल दवा टाकून मी पाय भिजत ठेवला. खपली नरम झाल्यावर ती काढली अन् गाठ दाबली. कोंबड्याचा पू माणसासारखा वाहत नाई, शिजलेल्या डाळीसारखा घट्ट निघते. तो सारा काढला, टिंचर लावलं, मलम भरलं, धोतराच्या पट्टीनं पाय बांधला. मग सांगितलं की याले वर माळ्यावर बसू देऊ नका, तिथून दगडी आंगणात उड्या मारते म्हून तळवा ठेचते. खाली धानाच्या तणशीवर झोपवा. हे सांगून मी म्हटलं, एवढी पायपीट करण्यापेक्षा कापून खाल्ला असता तर बरं झालं असतं.

तेव्हा तिनं सांगितलं. नवरा जाऊन दहा वर्षं झाले होते. एकुलता पोरगा वारलू ठेकेदाराच्या मागं कामाले गेला अन् दोन वर्षं त्याचा पत्ता नव्हता. बाईनं मातामायले नवस बोलला, पोराची खबर येऊ दे, तांबडा कोंबडा देईन. खबर आली. वारलू चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणीत लागला होता, लग्न केलं होतं, एक पोरगी होती. येतो म्हून काही लिहिलं नव्हतं. नवस मात्र पुरा झाला होता. कोंबडा देवाचा झाला होता. पण खोट असलेलं जनावर देवाले चालत नाई, म्हून पाय बरा होयेपर्यंत सारं थांबलं होतं.

"रात्री माह्या खाटेजवळच झोपते तो," ती म्हणाली. "घरात दुसरं कोणी नाई. थोडासा लंगडा राहीन ना, भाऊ?"

ती काय मागून राह्यली, ते मले त्या दिवशी समजलं नाई असं मी म्हणणार नाई. समजलं. पण माही ऐट आडवी आली. माह्या हातचा पाय लंगडा राहत नाई, असं मी छाती फुगवून सांगितलं. ती टोपलं उचलून गेली.

मग दर गुरुवारी ती येये. पट्टी सोडाची, धुवाचं, बांधाचं. काम पाव घंट्याचं, पण ती ऊन उतरेपर्यंत पायरीवर बसून राहे. मोहफुलाचं सांगे, वारलू लहानपणी कसा नदीत बुडता बुडता वाचला ते सांगे. मी स्टोव्हवर दोन कप चहा ठेवाले लागलो. बुधवारी संध्याकाळी फोटोले सांगाले लागलो की उद्या बाई येईन.

संक्रांतीच्या नंतरच्या गुरुवारी मी पट्टी सोडली अन् पाह्यलं तर तळवा साफ होता. गुलाबी, नवं कातडं. कोंबडा टेबलावर ठणठणीत उभा राह्यला. बायनाबाईनं पाह्यलं. मी तिच्याकडे पाह्यलं नाई. नवी पट्टी कापली अन् त्या बऱ्या पायाले बांधली.

"आणखी आणा लागन," मी म्हटलं.

"आणीन," ती म्हणाली.

आमचे चार-पाच गुरुवार असेच गेले. तिचा दीर सोमाजी एकदा विचाराले आला, पुजारी वाट पाहून राह्यला म्हणे. हाडात गेलं आहे, वेळ लागते, असं मी त्याले आवाज चढवून सांगितलं. मी बौद्ध माणूस, नवसाले मानत नाई, म्हून मले वाटे की यात पाप कोणाचं? पण खरं सांगतो, मी ते कोंबड्यासाठी केलं नाई, अन् बाईसाठी तर नाईच नाई. गुरुवार मले पायजे होता.

होळीच्या आधी ती आली ते टोपल्यात कोंबडा अन् पदरात पोस्टाचं कार्ड घेऊन. वाचून दे म्हणाली. वारलूचं होतं. पहिल्या दोन ओळी रामराम, खुशाली. तिसरी ओळ पाहून मी थांबलो. पोरीले दहा दिवसांपासून ताप आहे, उतरत नाई. ती ओळ सोडून देणं माह्या हातात होतं, तिले अक्षर येत नव्हतं. पण एका खोट्यावर दुसरं खोटं माह्याच्यानं झालं नाई. मी वाचलं.

चहा निवला. मग तिनं कोंबडा मांडीवर घेतला अन् त्याचा पाय माह्यासमोर धरला.

"सोड पट्टी, भाऊ."

मी म्हटलं, बाई, तापाचा अन् कोंबड्याचा काही संबंध नाई, पोरीले दवाखान्यात नेलं असंन, सुई दिली असंन. तिनं सारं ऐकून घेतलं. पाय तसाच धरून ठेवला. मी पट्टी सोडली. कोंबडा पायऱ्या उतरून आंगणात गेला अन् दोन्ही पायांनी माती उकराले लागला. एवढा बरा पाय मी जन्मात कोणाचा केला नसन. मले माह्याच हाताचा राग आला.

पुढच्या गुरुवारी ती येईन असं वाटलं नव्हतं, तरी मी दोन कप काढले होते. ती आली. डोक्यावर टोपलं नव्हतं.

"दिला," ती म्हणाली अन् पायरीवर बसली. पोरीची खबर विचारली, तर कार्ड आलं नव्हतं. मग तिनं लुगडं घोट्यावर सरकवलं अन् आपला पाय पुढं केला.

"पाय पाह्य माहा."

"बाई, इथी माणसाचे पाय पाहत नाईत," मी खेकसलो.

"माहीत आहे मले."

मी पाणी कोमट केलं, लाल दवा टाकली अन् तिचा पाय धुतला. टाच पाह्यली, तळवा पाह्यला, बोटं एक एक करून पाह्यले. साठ वर्षं चाललेल्या पायाले असतात तेवढ्याच भेगा होत्या. बाकी काही नव्हतं.

मी कपाटातून पट्टी काढली, बांधली, अन् तिले पुढच्या गुरुवारी दाखवाले सांगितलं.