जिन्यातलं बिऱ्हाड

मी घराची किल्ली मागितली तेव्हा धाकटी जाऊ भांडी घासत होती. तिने नळ बंद केला नाही.

"हरवाल तुम्ही, ताई. इथे किल्ली हरवली की अख्खं कुलूप बदलावं लागतं."

"मी काय परकरातली पोर आहे?"

"तसं नाही म्हणत मी." तसंच म्हणत होती. पुढचं वाक्य तिने नळाच्या आवाजात सोडलं, पण मला ऐकू येईल अशा बेताने. "तिकडे सासरी कपाटाच्या किल्ल्या कायम तुमच्या कमरेला. मी मागितली होती कधी?"

म्हणजे दुखणं जुनं होतं. सासूबाईंनी थोरली म्हणून किल्ल्या माझ्याकडे दिल्या, मी त्या खोचल्या. त्यात माझं काय चुकलं, हे मला अजूनही कुणी समजावून सांगितलेलं नाही.

मला इथे परदेशात येऊन पुरता महिनाही झाला नव्हता. एका लाँड्रीत कपडे उसवून, आखूड करून, चेन बदलून द्यायचं काम दिराने लावून दिलं होतं. यजमान आणि लेक तिकडे, मी इकडे दिराच्या सोफ्यावर. माझं काम पहाटे सुरू होऊन दुपारी संपायचं. धाकटी ऑफिसातून यायची संध्याकाळी, दीर तिच्याही नंतर. मधला वेळ सगळा माझा होता, पण दार तिचं.

दिराला सांगून पाहिलं. "बघतो हं वहिनी," तो म्हणाला आणि मोबाइलमध्ये बघत बसला.

मग राहिला जिना. पायऱ्या अशा गार की बसलं की दाढेपर्यंत कळ जायची. दिवा आपोआप विझायचा आणि हात हलवला की लागायचा. त्यामुळे मी अंधारात एकटीच कुणाला तरी टाटा करत असायची.

लाँड्रीतही मला कुणी ओवाळत नव्हतं. तिथली मुकादमीण मी पाणी प्यायला उठले तरी घड्याळाकडे बघायची. एकदा मी पॅन्ट आखूड करताना कापड आत दुमडून ठेवलं, उद्या लागलं तर असावं म्हणून. तिने ते माझ्यासमोर कात्रीने कापून कचऱ्यात टाकलं. असा दिवस काढून आल्यावर माणसाला पाय पसरायला दाराच्या आतली चार हात जागा हवी असते. मला दुसरं काही नको होतं.

"कसं काय, रमलीस का?" यजमान फोनवर विचारत.

"छान आहे. जिना अगदी हवेशीर."

वरच्या मजल्यावरचा म्हातारा जाता-येता माझ्या शेजारी काठी आपटायचा आणि काहीतरी पुटपुटायचा. भाषा मला पुरती येत नव्हती, पण शिवीला भाषा लागत नाही. एक दिवस भिंतीवर पाटी लागली. बसलेल्या माणसाचं चित्र आणि त्यावर लाल फुली. चित्रातल्या माणसाचा बांधा थेट माझ्यासारखा होता.

"ताई, जिन्यात बसायला मनाई आहे," धाकटीने मला चवीने वाचून दाखवलं. "बागेत बसत जा ना."

"या थंडीत?"

"स्वेटर दिलाय ना तुम्हाला!"

तेव्हा मी ठरवलं. ज्याच्याकडून येणं असतं त्याच्या दारात धरणं धरून बसायचं, ही आपली जुनी रीत. उपाशी बसायचं असतं म्हणे. मी शेंगदाणे घेऊन बसले. दुसऱ्या दिवशी उशी नेली, सुई-दोऱ्याचा डबा नेला, मेथीची जुडी निवडायला घेतली. पाटीच्या बरोबर खाली.

म्हातारा आला. त्याच्या कोटाचं बटण एका धाग्यावर लोंबत होतं. ते मला बघवेना. मी त्याच्या कोटाचं टोक धरलं, तो ओरडला, मी सोडलं नाही. बटण लावून दाताने दोरा तोडला. तो आभार न मानता वर गेला आणि दुसऱ्या दिवशी तोंड वाकडं करून पॅन्ट घेऊन आला. मग समोरची बाळंतीण आली, तिच्यामागून आणखी कोण कोण. प्रेमाबिमाने नाही हं. फुकटचा शिंपी कुणाला नको असतो?

आणि एका संध्याकाळी धाकटी लालबुंद होऊन वर आली.

"खाली त्या म्हाताऱ्याने मला अडवलं! विचारतो, तुझी आई जिन्यात का बसते? घरात घेत नाहीस का तिला?"

"आई?" आता मीही भडकले. "सहा वर्षांनी मोठी आहे मी तुझ्यापेक्षा!"

"सगळ्या इमारतीत नाक कापलंत माझं!"

"मी फक्त बटणं लावली."

तिने पर्स उलटी केली, कडीतून किल्ली ओरबाडून काढली आणि माझ्या मांडीत फेकली. "घ्या! माझीच घ्या. मी शनिवारी दुसरी बनवून घेईन."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कुलूप उघडून आत शिरले. आधी पाय पसरले. मग चहा प्यायले, घरभर उगाच हिंडले, तिन्हीसांजेला कुकर लावला. तेवढ्यात बेल वाजली.

दाराच्या भिंगातून पाहिलं. धाकटी. किल्ली माझ्याकडे, दुसरी दिराकडे, आणि दीर यायला अवकाश. तिने पुन्हा बेल दाबली, वाट पाहिली आणि शेवटी पायरीवर बसली. माझ्याच पायरीवर. दिवा विझला. अंधारात तिचा हात हलला, दिवा लागला. पुन्हा विझला, पुन्हा हात हलला. एकटीच कुणाला तरी टाटा करत होती बिचारी.

माझा हात कडीवर गेला होता, खोटं कशाला सांगू. पण पाय हलेनात. कुकरची शिट्टी झाली, मग उघडलं.

"अगंबाई, तू होय! मला वाटलं, कुणी परकंच आलंय."

ती आत आली. बोटं गारठून लाल झाली होती. मी चहाचा कप तिच्या दोन्ही हातांत दिला. तिने तो संपवला, खाली ठेवला आणि तळवा पुढे केला.

"किल्ली."

"शनिवारी बनवणार होतीस ना दुसरी?" मी म्हटलं आणि स्वेटर वर करून ती कमरेला खोचली.